चिनी ग्राहकासमोर बसण्यापूर्वी

नांदेड-लातूर हा कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा प्रदेश. येथील मालाचा भाव मोंढ्यातील बोलीनेच ठरतो, हा समज २०११-१२ च्या हंगामाने खोटा ठरविला. त्या वर्षी भारतातून सुमारे १३० लाख गाठी कापूस निर्यात झाला आणि त्याचा सर्वांत मोठा ग्राहक चीन होता. चीन सरकार तेव्हा कापसाचा राखीव साठा करीत होते. २०१४ मध्ये ते धोरण बदलले, चीनची खरेदी आटली आणि भाव उतरले. साठ्याचे हे राजकारण ज्याला ठाऊक होते तोच सावध राहू शकला.

चिनी व्यापाऱ्यांशी बोलणी करण्याच्या रीतिभाती आता पुष्कळांना पाठ झाल्या आहेत. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे, आडनाव आधी येते हे ध्यानात ठेवावे, ज्येष्ठाने प्रथम प्रवेश करावा, वेळ पाळावी. घड्याळ भेट देऊ नये, कारण चिनी भाषेत त्या शब्दांचा उच्चार अंत्यविधीच्या शब्दांशी जुळतो. हे सारे योग्यच आहे. सोयरिकीच्या बैठकीत कोणी कोठे बसावे याचा अर्थ जाणणाऱ्या मराठी माणसाला ते जड जाऊ नये.

तथापि शिष्टाचार हा अभ्यासाला पर्याय नव्हे. चारचौघांत स्पष्ट नकार देणे तेथे अप्रशस्त मानतात. त्यामुळे समोरच्याच्या होकाराचा अर्थ पुष्कळदा 'ऐकले' एवढाच असतो. म्हणून मालाची प्रत, आर्द्रता, तपासणीची जागा, पैसे देण्याची रीत आणि तंट्याचा निवाडा कोठे व्हावा, हे कागदावर यावे. कराराची चिनी आणि इंग्रजी प्रत जुळत नसेल तर कोणती प्रमाण मानावी, हेही आधीच ठरावे. मॅलाकाइट ग्रीन या रंगद्रव्याच्या अंशावरून चीनने भारतीय मोहरीच्या पेंडीची आयात बंद केली, ती २०१८ मध्येच पुन्हा खुली झाली. लातूरच्या सोयाबीन पेंडीच्या कारखानदारांनी हा धडा विसरू नये. अर्थात विश्वास दुतर्फा असावा लागतो. मार्च २०१२ मध्ये भारताने कापसाची निर्यात एकाएकी थांबविली, तेव्हा चिनी ग्राहकांची तक्रार अनाठायी नव्हती.

२०२० मध्ये गलवान घडल्यावर चिन्यांचे रीतिरिवाज कशाला शिकायचे, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागची वेदना खरी आहे. परंतु व्यापार थांबलेला नाही. भारत चीनला जेवढा माल विकतो त्याच्या कितीतरी पट विकत घेतो. अशा व्यवहारातले अज्ञान म्हणजे देशभक्ती नव्हे. त्याचा भुर्दंड अखेर शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून वसूल होतो.

शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. ते चिनी भाषा शिकले, म्हणूनच तेथील माणसांना ते आपले वाटले. चिनी पाहुण्यांपुढे त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. त्यांची चिकाटी मात्र क्वचितच घेतली जाते.

परीक्षेच्या कसून तयारीसाठी 'लातूर पॅटर्न' राज्यभर ओळखला जातो. तीच शिस्त चिनी भाषा, निर्यातीचे कायदे आणि मालाची प्रतवारी यांच्या अध्यापनात आणणे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना अशक्य नाही. बाजार समित्यांनी व व्यापारी संघटनांनी त्याचा भार उचलावा. मुंबईच्या दलालावर विसंबून राहण्यापेक्षा हा खर्च निश्चितच स्वस्त पडेल.