शेवट ठाऊक असलेली गोष्ट

फुजैरासारख्या लहानशा अमिरातीचे नाव नाट्यक्षेत्रात घेतले जाते, याचे मायदेशातील अनेकांना नवल वाटेल. हजर पर्वताची रांग आणि ओमानचे आखात यांच्यामध्ये वसलेले हे बंदर जहाजांना इंधन पुरविण्यासाठी जगाला ठाऊक आहे. परंतु याच अमिरातीत २००३ साली एकपात्री नाटकांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. एक नट, जवळजवळ रिकामा रंगमंच, आणि सारा भार त्या एकट्याच्या खांद्यावर! आपणा मराठी माणसांना ही कला परकी नाही. सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली 'व्हय, मी सावित्रीबाई' रंगमंचावर आणले आणि एकटी अभिनेत्री सावित्रीमाईंचा अवघा काळ प्रेक्षकांसमोर उभा करू शकते, हे दाखवून दिले.

परंतु तेथे मुळात सांगण्याजोगे काही होते. जेथे कथाच दुबळी आहे आणि तिचा शेवट मध्यंतरापूर्वीच कळून चुकतो, तेथे एकट्या कलावंताने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला एका हिंदी चित्रपटात सापडले. तो चित्रपट म्हणजे रामगोपाल वर्मा निर्मित आणि रजत मुखर्जी दिग्दर्शित 'प्यार तूने क्या किया' (२००१).

कथानक थोडक्यात असे. जय हा छायाचित्रकार रिया नावाच्या श्रीमंत तरुणीची छायाचित्रे तिच्या नकळत काढतो आणि ती मासिकात झळकतात. परिचय वाढतो, रिया त्याच्यात गुंतत जाते. जय विवाहित आहे, हे तिला फार उशिरा कळते. येथून पुढचा प्रवास कोणीही सांगावा. हट्ट, पाठलाग, जयच्या पत्नीच्या जिवावर उठणे आणि अखेरीस मनोरुग्णालय! रहस्यपटाला आवश्यक असलेली अनिश्चितता येथे नावालाही नाही. १९८७ च्या 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' या अमेरिकन चित्रपटाची वाट येथे पुन्हा तुडविली आहे, हे जाणत्या प्रेक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

तरीही हा चित्रपट स्मरणात राहतो, तो केवळ ऊर्मिला मातोंडकर हिच्या अभिनयामुळे. १९८० साली डॉ. श्रीराम लागू यांच्या 'झाकोळ' मध्ये बालकलाकार म्हणून दिसलेली ही मराठी मुलगी 'रंगीला' (१९९५) नंतर केवळ नृत्यासाठी ओळखली जाईल, अशी भीती होती. 'सत्या' (१९९८) आणि 'कौन' (१९९९) या चित्रपटांनी ती खोटी ठरविली. 'प्यार तूने क्या किया' मध्ये तिने त्याहून अवघड काम केले आहे. पटकथेला रिया ही केवळ धोका म्हणून हवी होती. ऊर्मिलाने तिला दुःख दिले. एका क्षणी खळखळून हसणारी आणि दुसऱ्याच क्षणी कोठेतरी दूर हरवणारी तिची नजर पाहताना आपण जयच्या पत्नीसाठी घाबरतो खरे, परंतु रियासाठीही आपला जीव तुटतो. हे दुसरे काम कथेने केलेले नाही. ते अभिनेत्रीने केले आहे.

आता एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. या भूमिकेसाठी ऊर्मिलाला फिल्मफेअरचे नामांकन मिळाले, ते नकारात्मक भूमिकेच्या विभागात! म्हणजे ज्या व्यक्तीचे मन आजारी आहे, तिची गणना खलनायकांत झाली. नामांकन देणाऱ्यांना एकट्यालाच दोष देऊन चालणार नाही. चित्रपटानेच तिला त्या रांगेत उभे केले होते. तिकडे अमेरिकेतही वेगळे घडले नव्हते. 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' चा मूळ शेवट निराळा होता. त्यात नायिका स्वतःचा जीव घेत असे. चाचणीच्या खेळांतील प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून तिला पिसाट हल्लेखोर ठरवून पत्नीच्या हातून ठार करणारा शेवट नव्याने चित्रित करण्यात आला. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा या बदलास विरोध होता. पुढे त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या आजारामुळे मनोरुग्णांवरील कलंक पुसण्याच्या चळवळीत स्वतःला जोडून घेतले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की असे चित्रपट आधीच ओळखता येतात याचे कारण केवळ लेखकाचा आळस नव्हे. 'वेडा' माणूस शेवटी सुरा उचलणारच, हा निकाल समाजाने खटला चालण्यापूर्वीच देऊन ठेवलेला असतो. पटकथाकार फक्त तो निकाल वाचून दाखवितो. माणसाची लायकी त्याला भेटण्याआधीच ठरवून टाकण्याची ही रीत कशी असते, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ती आपल्या हातून घडते, तेव्हा अधिक लाज वाटली पाहिजे.

ही लाज मी अनुभवली आहे. हा चित्रपट आम्ही फुजैरातील एका खोलीत शुक्रवारच्या सुटीच्या दिवशी सीडीवर पाहिला. सहा जणांची ती खोली, एकच दूरचित्रवाणी संच. आमच्यात मराठवाड्यातील एक तरुण होता. गेले काही महिने तो रात्री जागा राही, स्वतःशीच पुटपुटे, जेवणाचे ताट तसेच ठेवून उठे. चित्रपट संपल्यावर कोणीतरी त्याच्याकडे पाहून म्हणाले, "सुऱ्या-चाकू लपवून ठेवा रे!" सारे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून तो आमच्याबरोबर जेवायला बसेना. दीड महिन्याने त्याला परत गावी पाठविण्यात आले, तेव्हा निरोप द्यायला आमच्यापैकी कोणीही गेले नाही. त्याने कोणावर कधी हात उगारला नव्हता. त्याच्या आजाराचे नाव काय होते, हे आम्ही विचारलेही नाही. कारण चित्रपटाने आम्हाला त्याचा शेवट आधीच सांगून ठेवला होता.

काही वर्षांनी मी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहिला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची भूमिका केली आहे. योगायोग असा, की जयच्या पत्नीच्या भूमिकेत जी सोनाली कुलकर्णी होती, तीच येथे शेषची बहीण आहे, आणि डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात आपण तिलाच रमाईंच्या रूपात पाहिले. एका चित्रपटात आजारी मनाच्या माणसापासून जीव वाचविणारी ही अभिनेत्री दुसऱ्या चित्रपटात त्याच्या शेजारी बसते, चिडते, थकते, आणि तरीही त्याला सोडत नाही. 'देवराई' चा शेवट मला आधी ओळखता आला नाही, कारण तेथे निकाल आधी लागलेला नव्हता. शेषच्या जागी मला आमच्या खोलीतला तो तरुण दिसू लागला.

'देवराई' च्या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी उभे होते. कॅनडात स्थायिक झालेल्या या मराठी प्राध्यापकाने पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणाऱ्या संस्थेचा पाया घातला. परदेशस्थ माणसाने मायदेशासाठी काय करावे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

काळ थोडा बदलला आहे, हेही मान्य केले पाहिजे. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच त्याने गृहीत धरले आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. अमिरातीतही २०२३ साली मानसिक आरोग्याविषयी नवा संघीय कायदा झाला. परंतु कायदा खोलीत येऊन शेजारच्या खाटेवरील माणसाची विचारपूस करीत नाही. ते काम सोबत्यालाच करावे लागते. घरापासून दूर, कर्जाच्या ओझ्याखाली आणि उन्हाच्या तडाख्यात राबणाऱ्या आपल्या बांधवांपैकी एखादा अबोल झाला, जेवेनासा झाला, तर त्याची थट्टा न करता त्याला डॉक्टरांकडे नेणे, त्याच्या घरी विश्वासात घेऊन कळविणे, आणि त्याचे ताट आपल्या शेजारी मांडणे, एवढे आपण निश्चित करू शकतो.

'प्यार तूने क्या किया' पुन्हा पाहावा का, असे कोणी विचारल्यास मी होकारच देईन. गोष्टीसाठी नव्हे, ती तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासातच कळेल. ऊर्मिलाच्या नजरेसाठी पाहावा. सारा चित्रपट रियाला घाबरा असे सांगत असताना ही एकटी अभिनेत्री तिच्याकडे नीट पाहा असे विनवीत राहते. त्या शुक्रवारी आम्ही सहा जणांनी तिचे ऐकले असते, तर निदान एकाच्या गोष्टीचा शेवट निराळा झाला असता.