विश्लेषण : आजीचे कोकण पडद्यावर कोण आणणार? बेने इस्रायली, ग्रीक आणि स्थलांतरितांचे लघुपट

आधी अटल सेतू झाला, मग डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. पनवेल ते अलिबाग पट्ट्यात सध्या जमिनीच्या भावाखेरीज दुसरा विषय निघत नाही. याच पट्ट्यात पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा येथे एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे आहेत. त्यांचा सांभाळ करणाऱ्या बेने इस्रायली समाजातील बहुतेक कुटुंबे स्वातंत्र्यानंतर इस्रायलला गेली. परदेशात वाढलेली नातवंडे आजी-आजोबांच्या गावाचा शोध घेणारे लघुपट जगभर बनवत आहेत. ग्रीक वंशाच्या दिग्दर्शकांची तर त्यात परंपराच आहे. मग कोकणातून गेलेल्यांचे काय?

बेने इस्रायली नेमके कोण?

फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी या समाजाची आख्यायिका आहे. नवगावला त्याचे स्मारकही आहे. आख्यायिकेला कागदोपत्री पुरावा नाही, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचे ठळक अंश आढळले.

कोकणात त्यांची ओळख होती ‘शनिवार तेली’. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. किहीमकर, पेणकर, चेऊलकर, रोहेकर, दिवेकर, आपटेकर ही आडनावे रायगडच्या नकाशावरूनच उचललेली. घरची भाषा मराठी. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने ‘मलिदा’ करायचा. पोहे, गूळ, खोबरे, सुकामेवा. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होत. समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला ४० वर्षांनी, १९३७ मध्ये, तोही तेल अवीवमध्ये.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास आली. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो जून २०१६ मध्ये, म्हणजे बहुसंख्य समाज निघून गेल्यावर.

सिनेमाशी नाते किती जुने?

‘आलम आरा’ (१९३१) या भारताच्या पहिल्या बोलपटाचे लेखक जोसेफ डेव्हिड हे पेणकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, यांचे आडनाव चेऊलकर. म्हणजे हिंदी बोलपटाची पहिली कथा-पटकथा एका पेणकराने लिहिली आणि त्याच समाजाची स्वतःची गोष्ट मात्र पडद्यावर यायला बराच काळ लागला. ऑस्ट्रेलियातील दिग्दर्शक डॅनी बेन-मोशे यांच्या ‘शालोम बॉलीवूड’ (२०१७) या माहितीपटात सुलोचना, प्रमिला, नादिरा आणि डेव्हिड यांच्या कथा येतात. मात्र तो ताऱ्यांचा माहितीपट आहे. घाण्यावरच्या माणसांना त्यात फारशी जागा असण्याचे कारण नव्हते.

ही जागा भरण्याचा प्रयत्न कोणी केला?

या विषयावरचे सगळ्यात जवळचे उदाहरण म्हणजे सादिया शेपर्ड यांचा ‘इन सर्च ऑफ द बेने इस्रायल’ (२००८). लांबी पाऊण तासाहून कमी. शेपर्ड अमेरिकेत वाढल्या. वडील अमेरिकी ख्रिश्चन, आई पाकिस्तानी मुस्लीम. घरातली आजीही मुस्लीम, असेच त्या लहानपणी समजत होत्या. पण आजीचा जन्म मुंबईच्या बेने इस्रायली कुटुंबातला, मूळ नाव रेचल जेकब्स. मुस्लीम पुरुषाशी लग्न झाले, नाव बदलले आणि फाळणीनंतर ती कराचीला गेली. आपल्या पूर्वजांचा शोध घे, असे तिने नातीकडून कबूल करून घेतले.

२००१ मध्ये शेपर्ड फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटशी संलग्न राहून मुंबई आणि कोकणातील समाजात त्यांनी काम केले. त्यातून हा माहितीपट आणि ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ हे आत्मकथन, दोन्ही एकाच वर्षी आले. आजी मात्र ते पाहायला हयात नव्हती.

पाठोपाठ जोनास पारियान्ती आणि मॅथियास मँगिन या फ्रेंच दिग्दर्शकांचा ‘नेक्स्ट इयर इन बॉम्बे’ आला. मुंबईतच राहायचे की इस्रायलला जायचे, या पेचात सापडलेले एक तरुण शिक्षक जोडपे त्याच्या केंद्रस्थानी आहे. शीर्षकातली गंमत अशी, की वल्हांडण सणाच्या प्रार्थनेअखेर ज्यू ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ म्हणतात. इथे जेरुसलेमच्या जागी मुंबई आली आहे.

ग्रीकांशी तुलना का?

ग्रीक स्थलांतरितांच्या लघुपटांची ओळखीची चौकट अशी : मेलबर्न किंवा अमेरिकेत वाढलेला नातू, आजीचे स्वयंपाकघर, ईस्टरचे जेवण, तुटकी ग्रीक भाषा आणि शेवटी गावातल्या बंद घराची किल्ली. यातले पुष्कळ लघुपट एकमेकांसारखे वाटतात हेही खरे. पण त्यांच्यामागे एक व्यवस्था उभी आहे. ग्रीसमधील द्रामा या शहरात १९७८ पासून लघुपट महोत्सव भरतो. लॉस एंजेलिसपासून मेलबर्नपर्यंत ग्रीक चित्रपटांचे स्वतंत्र महोत्सव होतात. मुलांना शाळा सुटल्यावर ग्रीक शिकवणारे वर्ग आहेत. शिवाय परतायला ‘मायदेश’ एकच आहे.

बेने इस्रायलींचे गणित इथेच फिरते. प्रार्थनेतला मायदेश इस्रायल, पण जन्माची माती कोकण. ते ‘घरी’ गेले आणि तिथे ‘भारतातून आलेले’ ठरले. वाळवंटी बीरशेबात वसवलेल्या काही भारतीय ज्यूंनी १९५१-५२ मध्ये, आम्हाला परत पाठवा, म्हणून तेल अवीवमध्ये ठिय्या दिला. काही जण खरोखरच भारतात परतले. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. कोकणात शतकानुशतके शनिवार पाळलेल्या लोकांना ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. जेरुसलेममध्ये मोठी निदर्शने झाली आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव केला.

योगायोगाने १९६४ हेच साल ग्रीकांच्याही आठवणीत रुतलेले आहे. सायप्रसच्या वादातून तुर्कस्तानने इस्तंबूलमधील हजारो ग्रीक नागरिकांना हाकलले. ते ग्रीसला पोहोचले तेव्हा तिथल्यांना ते तुर्की वाटले. त्या वर्षी लहान असलेले, इस्तंबूलमध्ये जन्मलेले तासोस बुल्मेतिस यांनी २००३ मध्ये ‘पोलितिकी कुझिना’ हा चित्रपट काढला. मसाल्याच्या दुकानातून सुरू होणारी ही गोष्ट ग्रीसमध्ये प्रचंड चालली. दिमोना किंवा अश्दोदमध्ये वाढलेल्या एखाद्या दिवेकराला ती आपलीच वाटेल, मसाले तेवढे वेगळे.

लघुपटच का?

पहिले कारण अर्थातच पैसा. कॅमेरा, ओळखीची चार माणसे आणि आजीची खोली एवढ्यावर लघुपट उभा राहतो. ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरला जातो, त्यामुळे महोत्सवांचे दार उघडे असते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. नातवंडांकडे सलग गोष्टच नसते. एखादा फोटो, आडनाव, पदार्थ, अंगाईचे दोन शब्द एवढेच हातात असते. त्याचा अडीच तासांचा चित्रपट करायचा म्हटला तर उरलेले सगळे कल्पनेने भरावे लागते. वीस मिनिटांत ते तुकडे तुकडे म्हणूनच दाखवता येतात.

मराठी स्थलांतरितांकडे अशी व्यवस्था आहे का?

आता कुठे सुरुवात आहे. ‘देऊळ’चे निर्माते अभिजीत घोलप यांच्या पुढाकाराने ‘नाफा’ या संस्थेचा पहिला मराठी चित्रपट महोत्सव जुलै २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. अमेरिकेतील मराठी मंडळींनी तिथेच बनवलेल्या लघुपटांनाही त्यात जागा मिळाली. मात्र अमेरिकेतला मराठी माणूस दर दोन-तीन वर्षांनी पुण्याला येतो, व्हिडीओ कॉलवर आईशी बोलतो. त्याची ओढ खरी असली, तरी धागा तुटलेला नाही.

इस्रायलमधील मराठीचा धागा मात्र विरत चालला आहे. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकापासून निघत आले. पण नव्या पिढीची भाषा हिब्रू आहे. आजीचे मराठी कळते, बोलता येत नाही, अशी एक पिढी. त्यापुढच्या पिढीला कळतही नाही. भारत-इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते थेट १९९२ मध्ये. तोवर येणे-जाणे सोपे नव्हते आणि गावची आठवण असलेली पिढी म्हातारी झाली होती.

मग घाई कशाची?

घाई दोन गोष्टींची आहे. एक तांत्रिक. १९८० आणि ९० च्या दशकांतील लग्ने, मलिद्याचे कार्यक्रम, आजोबांचे मराठी बोलणे हे ज्या घरांत टिकले असेल तिथे ते व्हीएचएस कॅसेटवर असण्याची शक्यता जास्त. या फितीवरचा चुंबकीय थर दोन-तीन दशकांत उतरू लागतो. दमट हवेत बुरशीही धरते. नवे व्हीसीआर बनवणे जगातल्या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये थांबवले. म्हणजे कॅसेट शाबूत राहिली तरी लावायची कशावर, हा प्रश्न आहेच. चांगला लघुपट पुढे कधीतरी होईल, पण त्यातला मूळ आवाज आज डिजिटल केला नाही तर तो दिग्दर्शकाला मिळणार नाही.

दुसरी घाई जागांची. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ १८४८ चे, सध्याची इमारत १९१० ची. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हन्नाबीचा रथ तिथून आकाशात गेला आणि चाकांच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. इस्रायलहून येणारी कुटुंबे आजही तिथे जातात. सिनेगॉगना विश्वस्त आहेत, त्यामुळे ती लगेच जाणार नाहीत. पण घाणा ठेवलेली पडवी, विकलेले घर, गावकुसाबाहेरची हिब्रू-मराठी अक्षरांची थडगी यांना कोण विचारतो? विमानतळासाठी उठलेल्या १० गावांतील आगरी-कोळी तरुण जुन्या घरांचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण जपून ठेवतात, कारण ते इथेच होते. दिमोनाच्या नातवाला पेणचे घर पाडल्याचे कळणार ते पुढच्या खेपेला इथे आल्यावर.