सरासरी भरली, पण खंड किती?

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. नाका म्हणजे जाणाऱ्याला अडवून जकात घेण्याची जागा. विश्वातही असे नाके आहेत. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे. त्यांचा प्रकाश अब्जावधी वर्षे प्रवास करतो आणि वाटेतला हायड्रोजन त्यातला १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश ताणला जात असल्याने प्रत्येक नाक्याची पावती वर्णपटात वेगळ्या जागी फाटते. शेकडो काळ्या रेघांच्या या दाटीला ‘लायमन-अल्फा अरण्य’ म्हणतात.

गन आणि पीटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की हा वायू उदासीन असता तर त्या पट्ट्यातला प्रकाश आपल्यापर्यंत आलाच नसता. तो येतो, म्हणजे दीर्घिकांमधल्या पोकळीतील जवळपास सर्व हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटलेले आहेत. पण वायू कुठे दाट, कुठे विरळ, हे सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी रेघांची खोली, त्यांच्यातली अंतरे, चढउतार मोजावे लागतात. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पावसाची सरासरी भरली तरी ऐन शेंगा भरताना तीन आठवडे खंड पडला, की सोयाबीन हातचे जाते.

पुण्यात आयुका आणि एनसीआरए या संस्थांत या विषयावर संशोधन चालते. स्लोन आकाश सर्वेक्षणातील लाखो क्वेसारांचे वर्णपट कुणालाही मोफत पाहता येतात. त्यासाठी दुर्बीण नको. संगणक आणि संख्याशास्त्राची समज हवी.

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया येत आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथेही गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा संकेत वेचायचा आहे, तो संख्याशास्त्रानेच. मग ‘सांख्यिकी’चा धडा परीक्षेच्या तोंडावर उरकून कसे चालेल? पहाऱ्याची आणि वाहन चालवण्याची कामे आपल्या मुलांना मिळतीलही. ती कष्टाचीच आहेत. पण विदा वाचणाऱ्यांच्या खुर्च्या बाहेरच्यांनीच भरायच्या का?

सुरुवात स्वस्तात होऊ शकते. प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक ठेवा. मुलांनी रोज नोंद करावी, आणि हंगामाअखेर सरासरीबरोबर खंडही मोजावेत.