चला लडाखला... पण जरा दमानं!

परीक्षा जवळ आली की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक सबमिशनची धावपळ आणि दुसरी लडाखचा प्लॅन! कँटीनच्या टेबलावर जर्नलचं कोरं पान फाडलं जातं आणि कोणीतरी लिहू लागतो : पहिला दिवस लेह, दुसरा नुब्रा, तिसरा पँगाँग, चौथा हानले, पाचवा त्सो मोरिरी, सहावा परत लेह, सातव्या दिवशी घरी. शेजारी दुसरी यादी, काय काय टिपायचं त्याची : हिमबिबट्या, काळ्या मानेचे क्रौंच, आकाशगंगा. असं एक पान माझ्याही हस्ताक्षरात होतं, म्हणून अधिकारवाणीने सांगतो. मित्रांनो, यातली निम्मी ठिकाणं खोडा. आणि निदान तीन दिवसांपुढे काहीच लिहू नका. फोटो त्या रिकाम्या दिवसांतच मिळतात.

आधी शरीराचं गणित मांडू. आपण अंबरनाथ-बदलापूरची माणसं, जवळजवळ समुद्रसपाटीला राहणारी. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. अशी दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी लेहची उंची गाठता येत नाही. ते आहे साधारण ३५०० मीटरवर. तिथला हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांश. आणि विमान आपल्याला दिल्लीहून तासा-सव्वातासात तिथे नेऊन सोडतं! चंदेरीचा कातळ धावत चढणारा पठ्ठ्याही तिथे पहिल्या रात्री डोकं धरून बसू शकतो, कारण फिटनेसचा आणि विरळ हवेचा फारसा संबंध नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. ती दडपून आणखी वर गेलं की फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज, आणि मग जिवावर बेततं. खाली उतरणं हाच त्यावरचा खरा इलाज. म्हणून डॉक्टर सांगतात की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त उंच नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. आपण डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी घोकतो ना? मग स्वतःच्या शरीराला एकच्या फॅक्टरवर कसं काय चालवायला निघतो?

आता त्या दुसऱ्या यादीकडे बघा. हिमबिबट्या दिसण्याची सर्वांत जास्त शक्यता फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा भरल आणि आयबेक्स बर्फामुळे खाली येतात, त्यांच्या मागून तोही उतरतो. क्रौंच मात्र चांगथांगच्या पाणथळ जागी उन्हाळ्यात घरटी करतात आणि हिवाळ्यापूर्वी निघून जातात. म्हणजे दोघांना एकाच सहलीत बसवणारा प्लॅन मुळातच चुकीचा! आकाशगंगेला हवी चंद्र नसलेली रात्र. त्यासाठी भारी ॲप कशाला, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि अमावस्या बघा. थोडक्यात, आधी विषय, मग महिना, मग तिथी आणि सगळ्यांत शेवटी तिकीट. आपण नेमकं उलटं करतो. ऑफर दिसली की तिकीट काढतो, आणि मग तिथे काय दिसेल ते शोधत बसतो.

आमच्यासारख्यांना सुटी असते जून-जुलैत. मग माझा प्लॅन ऐका. लेहला तीन रात्री, त्यातला पहिला दिवस चक्क पडून राहायचं. मग सिंधूच्या काठाने चुमाथांगला एक रात्र, आणि पुढे हानलेला चार. येताना लेहला एक रात्र, की संपलं! हानले साधारण ४३०० मीटरवर आहे. तिथल्या दलदलीत क्रौंच येतात, आजूबाजूच्या माळावर कियांग चरतात. २०२२ मध्ये तिथलं आकाश अंधारासाठी राखीव ठरवलं गेलं. दोन मीटरची दुर्बीण तर तिथे त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. दिवसा पक्षी, रात्री तारे, आणि गाव एकच. वाटेतही एक जागा आहे. उल्हासनगरच्या ज्या मित्रांचे आजोबा फाळणीनंतर सिंध सोडून इथल्या छावणीत आले, त्यांनी त्या सिंधूकाठी गाडी थांबवून तासभर बसावं. सात दिवसांच्या प्लॅनमध्ये हा तास कुठे लिहिणार?

एकाच गावात राहण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरच्या वस्तीत बिबट्या शिरला होता. वनखात्याने त्याला पकडून नेलं. चारी बाजूंनी माणसांनी घेरलेल्या जनावराचं काय होत असेल, हे आपल्या भागातल्या लोकांना कोणी वेगळं सांगायला नको. तरी तिकडे गेल्यावर आपणच ड्रायव्हरला म्हणतो, "भैया, थोडा और पास!" गाडी माळावर उतरते, कियांगचा कळप विरळ हवेत ऊर फुटेस्तोवर पळतो, आणि आपल्याला मिळतात त्यांच्या पाठी. एप्रिल २०२२ मध्ये तर पँगाँगच्या पाण्यातच गाडी घालून व्हिडिओ काढले गेले. हे सगळं घाईतून होतं. ज्याच्या हातात एकच तास आहे तो पाठलाग करणारच. ज्याच्याकडे चार दिवस आहेत तो दगडाआड बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जनावरच चरत चरत जवळ येतं.

आणि उतरायचं ते गावकऱ्याच्या घरी. जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या हिमबिबट्यांची पहिली मोजणी जाहीर झाली. एकूण ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. ते ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या खातात, त्या घरांना पाहुण्यांकडून चार पैसे मिळाले तरच ते त्याला शेजारी म्हणून सहन करतील. म्हणून होमस्टे आणि गावातला वाटाड्या यांचा खर्च प्लॅनमध्ये सगळ्यात वर लिहा. लेन्स भाड्यानेही मिळते.

"अरे, पण एवढे पैसे घालून जायचं, परत कधी जाणार? सगळं बघून येऊ!" हा प्रश्न येणारच. पैसे बाबांचे आहेत, हे मलाही कळतं. पण फिरण्याचे किलोमीटर कमी झाले की गाडीचं भाडंही कमी होतं. वाढलेल्या तीन दिवसांचा बराचसा खर्च त्यातच निघतो. आणि पाच ठिकाणी गाडीच्या काचेतून काढलेले फोटो आपण घरी आल्यावर उघडून तरी बघतो का?

तयारी मात्र इथेच, फुकटात होते. भर उन्हात गच्चीवर आईने वाळत घातलेली पांढरी चादर फ्रेमभर घेऊन बघा. कॅमेरा तिला राखाडी करून टाकेल. एक-दीड स्टॉप एक्स्पोजर वाढवायला हात इथे शिकला, की तिकडचा बर्फ पांढरा येईल. एसी लोकलमधून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तशीच थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या लेन्सवर धरते; म्हणून आत येण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करायचा. आणि सर्वांत अवघड धडा : एका रविवारी पहाटे बारवी धरणाच्या बाजूला जा, मोबाईल खिशात ठेवा आणि एका खंड्यासमोर दोन तास गप्प बसा. जमलं तर लडाखला नक्की जा.

नाही जमलं, तर पुढच्या रविवारी पुन्हा बारवीला. लडाख कुठे पळून जात नाही!