इंजिन चालतं ठेवा

31 ऑक्टोबर 2023 रोजी गुजरातमध्ये एकतानगर आणि अहमदाबाद यांच्या दरम्यानची एक 'हेरिटेज' गाडी सुरू झाली. गाडीच्या तोंडाला जुन्या वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं आहे, आत मात्र विजेवर चालणारी यंत्रणा आहे. लोकांना ती आवडते, मुलं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण या गाडीकडे बोट दाखवून कुणी 'रेल्वेने वाफेचा वारसा जपला' असं म्हणू लागलं, तर ते मला मान्य नाही. विस्तव आणि पाणी ताब्यात ठेवून शेकडो टन ओढायची विद्या, हा तो वारसा. ती माणसांच्या हातात असते, आणि इंजिन चालत असेल तोवरच हातात राहते.

म्हणून आजच्या रेल्वेने जुनी वाफेची इंजिनं दुरुस्त करून चालवावीत का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे. थोडी चालवावीत, योग्य जागी चालवावीत, पण खरी चालवावीत.

आपल्याकडे ब्रॉडगेजवर वाफेची शेवटची नियमित गाडी 6 डिसेंबर 1995 रोजी जालंधर आणि फिरोजपूर यांच्या दरम्यान धावली. त्या वेळी पंचविशीत असलेला फायरमन आज निवृत्तीच्या वयाजवळ पोचला आहे. त्याला जे येत होतं ते पुस्तकात पूर्ण कधीच उतरलं नाही. थंड इंजिन पेटवायचं तर तासन् तास लागतात. घाई केली तर बॉयलरचे पत्रे आणि नळ्या सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि सांधे गळू लागतात. कोळसा नुसता लोटून चालत नाही, जाळीवर आग कुठे पातळ झाली आहे ते धगीच्या रंगावरून ओळखून फावडं तिथेच रिकामं करावं लागतं. पाणी जड असलं की बॉयलरमध्ये क्षार धरतात, ते ठरावीक मुदतीत धुऊन काढावे लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी दाखवणारी काचेची नळी. भट्टीचं छप्पर कायम पाण्याखाली हवं. चढ संपून उतार लागला की बॉयलरमधलं पाणी पुढे सरकतं आणि नेमकं ते छप्पर उघडं पडण्याची भीती असते. चांगला फायरमन तो उतार यायच्या आधीच पाणी चढवून ठेवतो.

ही विद्या विसरली तर काय होतं, हे अमेरिकेने पाहिलं आहे. जून 1995 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग इथल्या एका छोट्या पर्यटन रेल्वेवर बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, भट्टीचं छप्पर तापून फाटलं आणि इंजिनावरचे तिघे भाजले. देखभाल नीट नव्हती आणि माणसांना पुरेसं शिकवलेलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. त्यानंतर तिथे वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले गेले. आता कामाचे 1,472 दिवस किंवा 15 वर्षं, यांतलं जे आधी भरेल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावाच लागतो. इंजिनं बंद करून टाकणं हा त्यांच्यासमोर सोपा मार्ग होता. त्यांनी नियम कडक केले आणि इंजिनं चालू ठेवली.

त्याच देशात युनियन पॅसिफिक ही केवळ मालवाहतूक करणारी कंपनी आहे. 1941 साली बांधलेलं 'बिग बॉय' जातीचं 4014 क्रमांकाचं इंजिन तिने 1961 मध्ये मोडीत न काढता कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयाला दिलं होतं. अर्धशतक ते उघड्यावर उभं राहिलं. 2013 मध्ये कंपनीने ते परत मिळवलं, चेयेनच्या आपल्या कारखान्यात नेलं, कोळशाऐवजी तेलावर चालेल असं केलं आणि मे 2019 मध्ये, आंतरखंडीय रेल्वेमार्गाला 150 वर्षं झाली तेव्हा ते स्वतःच्या चाकांवर ऑग्डेनला पोचलं. टेंडरसकट, म्हणजे इंधन-पाण्याच्या जोडडब्यासकट, साडेपाचशे टनांच्या आसपास वजनाचं हे धूड पुन्हा चालवता आलं, याला एक कारण आहे. युनियन पॅसिफिकने 1944 सालचं आपलं 844 क्रमांकाचं इंजिन कधीच निवृत्त केलं नव्हतं. कंपनीत वाफेची माणसं होती, एकाकडून दुसऱ्याला काम शिकवलं जात होतं. 844 नसतं तर 4014 उठलं नसतं, असं मला वाटतं.

आणि हे काम आपल्याला जमत नाही असंही नाही. निलगिरीच्या रेल्वेवर मेट्टुपालयम ते कुन्नूर हा टप्पा अजून वाफेवरच चालतो. कल्लारनंतर 12 फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवलेली आहे. इथलं इंजिन पुढून ओढत नाही, खालच्या बाजूने डबे वर ढकलतं, आणि प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस असतो. इंजिनाला चार सिलिंडर. दोन नेहमीची चाकं फिरवतात, उरलेले दोन फक्त दात्यांचं चाक. पट्टी सुरू झाली की पहिल्या जोडीने वापरलेली वाफ दुसऱ्या जोडीला मिळते, तेव्हा इंजिनाचा आवाज बदलतो आणि डब्यातल्या गप्पा आपोआप थांबतात. हिलग्रोव्हला गाडी पाण्यासाठी थांबते. प्रवासी चहाला उतरतात, आणि इंजिनावरची माणसं तेवढ्यात तेलाची झारी घेऊन सांध्यांना हात लावून बघतात, कुठे जास्त तापलंय का ते. हात लावून कळणारी गोष्ट आहे ती.

ही इंजिनं मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची. ती थकली तेव्हा रेल्वेने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच जातीची नवी इंजिनं बांधली, तीही या शतकात. जिथे इंजिन रोज चाललं तिथे ते नव्याने घडवणारे हातही तयार झाले, याहून मोठा पुरावा मला नको. दिल्लीची 'फेअरी क्वीन' घ्या. 1855 मध्ये लीड्समध्ये बांधलेलं हे इंजिन 1909 साली निवृत्त झालं आणि 1997 मध्ये पुन्हा पर्यटकांची गाडी ओढू लागलं. शेडमध्ये वाफेवर वाढलेली माणसं तेव्हा कामावर होती.

याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ज्या रेल्वेच्या लोकलमधून माणसं पडून मरतात, तिने शंभर वर्षांच्या बॉयलरवर पैसा का घालवावा? हा प्रश्न विचारणाऱ्याचं दुःख खरं आहे, आणि सुरक्षिततेचा एक रुपयाही इकडे वळवू नये असंच मी म्हणेन. पण इथे आठ-दहा इंजिनं, दोन-तीन डोंगरी मार्ग आणि एक कारखाना, एवढ्याच पसाऱ्याची गोष्ट चालली आहे. मुंबई-पुण्यासारख्या गजबजलेल्या मार्गावर वाफेची गाडी सोडा, असा हट्ट काही रेल्वेवेडे धरतात. त्यांच्याशी माझं जमत नाही. तिथे पाण्याची सोय उरलेली नाही, डोक्यावर विजेच्या तारा आहेत, टेंडरवर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि इंजिन अडलं तर मागच्या सगळ्या गाड्या अडतात. धुराचा मुद्दाही आहे, पण आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या करणाऱ्या तेलावरच्या इंजिनाचा धूर किती, हे रस्त्यावरच्या ट्रकांकडे पाहून ठरवावं.

चौथऱ्यावरच्या इंजिनांना मात्र मी वारसा मानायला तयार नाही. स्टेशनाबाहेर, कार्यालयांसमोर ती उभी असतात. बाहेरून दरवर्षी काळा-लाल रंग मिळतो, आत राखेत पावसाचं पाणी मुरून भट्टीचे पत्रे खात राहतं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं तर आपल्याकडे चौथऱ्यावर ठेवायलाही उरली नाहीत.

आता महाराष्ट्रापुरतं एक मागणं. नेरळ-माथेरान ही दोन फुटी रेल्वे 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली. तिच्यासाठी जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेलने चार इंजिनं दिली, घाटातल्या तीव्र वळणांवर पुढची-मागची चाकं थोडी वळतील अशा खास बेताची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ तिथून गेली, आणि त्या चारांपैकी 740 क्रमांकाचं इंजिन आज इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी जपलं आहे. दार्जिलिंग आणि निलगिरी या दोन्ही रेल्वे युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, दोन्हीकडे वाफ चालू आहे. माथेरानचं नाव अजून संभाव्य यादीतच आहे. 2019 च्या पावसाने उखडलेला मार्ग रेल्वेने 2022 मध्ये पुन्हा चालू करून दाखवला, म्हणजे या गाडीबद्दल आस्था आहे.

मध्य रेल्वेने आता पुढचं पाऊल टाकावं. नेरळ ते जुम्मापट्टी एवढ्याच टप्प्यावर, फक्त शनिवार-रविवारी, तेलावर चालणारं एक खरं वाफेचं इंजिन सोडावं. तिकीट महाग ठेवावं, लोक देतील. आणि त्या इंजिनावर दोन जुन्या हातांसोबत आयटीआयमधून आलेली चार तरुण मुलंमुली नेमावीत. जुने फायरमन आणि फिटर भुसावळ, दौंड, मनमाड, कुर्डुवाडीला अजून भेटतात. आणखी दहा वर्षांनी ते भेटणार नाहीत.