चोरीचा माल आणि उघडा बाजार

चोराचे काम माल उचलल्याने संपत नाही. तो खपल्यावर संपते. उचललेली वस्तू पैशात बदलत नाही, तोवर ती त्याच्या गळ्यातील धोंडच असते. आपल्या इंदुरात सराफ्याच्या पेढीवर एखादा अनोळखी इसम ठुशी किंवा चिंचपेटी घेऊन आला, तर जुना सराफ दागिन्याआधी माणसाकडे पाहतो. माळव्यात असला घाट मराठी घरांतलाच, आणि ती घरे पेढीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. विचारपूस होईल, या धास्तीनेच कित्येक चोऱ्यांना आळा बसत आला आहे. परंतु आता ही पेढी टाळून जाण्याची सोय झाली. फोनवरून वस्तूचे छायाचित्र टाकावे, बोली लागावी आणि माल पुडक्यात बांधून हजार कोसांवर रवाना व्हावा, असे हे नवे लिलाव. त्यांच्यामुळे चोरीचा माल विकणे सोपे झाले काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: झाले आहे. मात्र ते का सोपे झाले हे पाहिल्यावाचून उपाय सुचणार नाही. आणि तो उपाय, आमच्या मते, बराचसा आपल्याच घरात आहे.

इंग्लंडात शतकानुशतके एक नवलाचा नियम होता. ठरलेल्या उघड्या बाजारपेठेत, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, कोणी सद्भावनेने वस्तू विकत घेतली, तर ती चोरीची असली तरी सामान्यतः घेणाऱ्याचीच होई. वरवर पाहता हा चोराला दिलेला परवानाच वाटेल. पण त्यामागे विचार असा, की बाजार उघडा आहे, दिवसाढवळ्या भरतो. ज्याचे काही गेले असेल त्याने तेथे येऊन शोधावे, आणि चोराने तेथे माल मांडण्यास धजू नये. गावे लहान होती तोवर हे शोभले. पुढे शहरे अफाट वाढली आणि या नियमाचा लाभ साधूपेक्षा भामट्यांनाच अधिक होऊ लागला. अखेर १९९४ साली कायदा करून तो रद्द करण्यात आला आणि जानेवारी १९९५ पासून संपला. योगायोग पाहा: त्याच १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी लिलावाचे जे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ई-बे या नावाने जगाला ठाऊक झाले. एक उघडा बाजार मिटला, आणि ज्याला ना सूर्योदय ना सूर्यास्त, असा दुसरा उघडला.

या नव्या बाजाराचा प्रताप खुद्द लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला भोगावा लागला. कोरीव रत्ने, अलंकार अशा सुमारे २,००० वस्तू गहाळ झाल्या, चोरीस गेल्या किंवा नासल्या, हे २०२३ साली बाहेर आले. त्यांतील काही वस्तू कित्येक वर्षे ई-बेवर उघडपणे विकल्या जात होत्या. २०१६ साली प्राचीन रोमन घडणीचा एक अलंकार तेथे अवघ्या ४० पौंडांच्या किमान बोलीने मांडला होता. जाणकाराच्या अंदाजे त्याचे मोल २५,००० ते ५०,००० पौंड होते. डेन्मार्कमधील एका पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याने अशी काही रत्ने घेतली. हा माल आजोबांच्या जुन्या सामानाच्या दुकानातला, असे विक्रेत्याने त्याला सांगितले होते. पुढे त्यास संशय आला आणि त्याने २०२१ मध्ये म्यूझियमला सावध केले. परंतु सर्व वस्तू जागच्या जागी आहेत, असे उत्तर त्याला मिळाले. दोन वर्षांनी संचालकांना पद सोडावे लागले. ज्या कर्मचाऱ्यावर ठपका ठेवून त्यास काढण्यात आले त्याने आरोप नाकारले आहेत. त्याविषयी निवाडा देणे आमचे काम नव्हे.

आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. एवढी मोठी संस्था, आणि तिचे रत्नभांडार गळत असता ते कळले का नाही? कारण त्यांतील पुष्कळ वस्तूंची धड नोंदच झालेली नव्हती. जे वहीत नाही ते गेले हे कळणार कसे, आणि ते आपलेच हे सिद्ध करणार कसे? उलट, व्यापाऱ्याला माग लागला तोही या नव्या साधनांमुळेच: ई-बेवर पाहिलेला एक तुकडा त्याला म्यूझियमच्याच संकेतस्थळावरील छायाचित्रात दिसला, आणि पैसे दिल्याच्या पावतीवर नाव होते. म्यूझियमने त्याच वर्षी आपल्या साऱ्या संग्रहाची संगणकीय नोंद पाच वर्षांत पुरी करण्याचे जाहीर केले. घोडे पळाल्यावर तबेल्याला कडी लावण्यासारखेच हे, पण कडी लागली हेही काही थोडे नव्हे.

म्हणजे बाजार उघडा असून भागत नाही. शोधणाऱ्याजवळ खूण हवी. मोबाइल फोनचेच उदाहरण घ्या. प्रत्येक फोनला १५ आकडी क्रमांक असतो. सरकारने २०२३ साली ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू केले; तेथे हरवलेला फोन बंद करवता येतो, आणि जुना फोन घेणाऱ्यास त्याचा क्रमांक आधी तपासता येतो. वस्तूला ओळख मिळाली, की तोच बाजार चोराला अडचणीचा होतो.

आता आपल्या घरांकडे वळू. संस्थानी काळापासून येथे नांदणाऱ्या कुटुंबांत काय नाही? देवघरातले टाक, पितळी समया, मोडी कागदांची दप्तरे, पोथ्या, जुनी चित्रे. मुले पुण्यास, परदेशी. वाड्यात दोन वृद्ध माणसे आणि कुलुपे. यांतील एखादी वस्तू नाहीशी झाली, तर फिर्यादीत आपण काय लिहिणार? ‘एक जुनी समई’. असे वर्णन हजार समयांना लागू पडते. वस्तुतः १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. धातूच्या व दगडाच्या मूर्ती, चित्रे आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणीही करावी लागते. आपल्यापैकी किती घरांनी ती केली आहे, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

घेणाऱ्यांनीही भ्रमात राहू नये. इंग्लंडचा तो जुना नियम आपल्याकडे नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व असे, की जे विकणाऱ्याचे नाही ते घेणाऱ्याचे होत नाही. चोरीची मोहनमाळ सापडली, की मोहनमाळही जाते आणि पैसेही. जाणूनबुजून घेतली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाजार चालवणाऱ्यांवर मात्र आपला कायदा बराच मवाळ आहे. माहिती नव्हती आणि योग्य ती दक्षता घेतली होती, एवढे दाखवले की ते सुटतात. अमेरिकेने जून २०२३ पासून मोठ्या विक्रेत्यांची ओळख पडताळण्याची सक्ती संकेतस्थळांवर केली. आपल्या सरकारने याहून पुढे जावे आणि जुने दागिने व पुरावस्तू विकणाऱ्या प्रत्येकाची ओळख पडताळणे बंधनकारक करावे, असे आमचे मत आहे. दलालीचा पैसा घ्यायचा आणि माल कोणाचा हे विचारायचे नाही, हा व्यवहार सराफ्यातही कोणी चालू देणार नाही.

परंतु कायदा होईल तेव्हा होवो. येत्या रविवारी घरातील आजींना जवळ बसवावे, एकेक वस्तू बाहेर काढून तिचे छायाचित्र घ्यावे, वजन, माप, कोरलेली अक्षरे, पोचा आणि डाग वहीत टिपावेत, आणि त्या वहीची एक प्रत परगावच्या मुलांकडे पाठवावी. म्यूझियमला हे जड गेले, कारण वस्तू लाखो होत्या. आपल्या घरी त्या फार तर शंभर असतील.