स्वच्छ चित्र म्हणजे खरे चित्र नव्हे

सोनोग्राफीचा कागद हातात पडला की वाळूज परिसरातील रुग्णांचा एक प्रश्न हमखास येतो : ‘‘डॉक्टर, यात नुसते ठिपकेच दिसतात. मशीन जुनं आहे का?’’ हल्ली काही जण त्याच्याही पुढे जातात. कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा, एखाद्या एआय ॲपने तो ‘स्वच्छ’ करायचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत विचारायला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. धोका इथे आहे.

हे ठिपके बहुधा यंत्राचा दोष नसतात. पोटाच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या ३.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण ०.४४ मिलिमीटर असते. त्याहून बारीक रचनांवरून विखुरलेल्या लहरी परतताना एकमेकींत मिसळतात. जिथे त्यांचा जोर वाढतो तिथे पांढरा ठिपका उमटतो, जिथे कमी होतो तिथे काळा. या खरखरीला ‘स्पेकल’ म्हणतात. नव्या कोऱ्या यंत्रातही ती असतेच.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या इस्रो-नासाच्या ‘निसार’ उपग्रहाचीही हीच अडचण आहे. त्याच्या रडारला ढगांआडची जमीन दिसते, म्हणून मराठवाड्यातील अतिवृष्टीसारख्या संकटात अशी चित्रे मोलाची ठरतात. पण त्यांतही स्पेकल असतेच.

ते कमी करण्यासाठी गणिती चाळण्या, म्हणजे फिल्टर, वापरतात. सर्वांत सोपा फिल्टर शेजारच्या बिंदूंची सरासरी काढतो. त्याने खरखर जाते, पण अवयवांच्या कडाही पुसट होतात. मीडियन फिल्टर शेजारच्या किमती क्रमाने लावून मधली घेतो. जोंग-सेन ली यांनी १९८० मध्ये मांडलेला फिल्टर अधिक शहाणा आहे : एकसारख्या भागात तो जास्त गुळगुळीतपणा आणतो, कडा दिसली की हात आखडता घेतो.

तरीही ठिपका खरा की खोटा, हे फिल्टरला कळत नाही. थायरॉइडच्या गाठीतील कॅल्शियमचे सूक्ष्म कण ठिपक्यांसारखेच दिसतात आणि कर्करोगाची शंका घेण्याचे ते एक कारण असते. सिरॉसिसमध्ये यकृताचा पोत खडबडीत दिसतो. तो पोत गुळगुळीत केला तर पुरावाच पुसला जातो. यंत्रातील फिल्टर रेडिओलॉजिस्ट गरजेप्रमाणे कमी-जास्त करू शकतात. मोबाइलमधले ॲप मात्र चेहरे सुंदर करण्यासाठी घडवलेले असते. एआय तर नसलेले तपशीलही भरू शकते.

म्हणून दुसरे मत घेताना लेखी अहवाल आणि केंद्रातून मिळालेली मूळ प्रतिमाच द्यावी. निदान कागदावरून नव्हे, प्रोब फिरवत पडद्यावर पाहून होते. रुग्णालयांनीही एआयची साधने घेताना एक अट घालावी : सुधारित चित्राशेजारी मूळ चित्र जपले गेले पाहिजे. डोळ्यांना बरे वाटणारे चित्र रुग्णाच्या हिताचे असेलच असे नाही.